आतून सागवान

बायकोचा शब्द मोडण्याची हिंमत नानांनी फार क्वचित केली, आणि जेव्हा जेव्हा केली तेव्हा घरात एखादी जुनी वस्तू आली. या वेळी कपाट आलं.

खरं तर नवीनच घ्यायचं ठरलं होतं. पण ऑफिसातून येताना नाना जुन्या फर्निचरच्या दुकानात डोकावले (नुसतं बघायला काय जातंय?), आणि दुकानदाराने एका चॉकलेटी कपाटावर प्रेमाने थाप मारली. "साहेब, वरचा रंग खरवडा. आतून सागवान आहे." झालं! हातगाडीच्या पुढे छाती काढून चालत नाना घरी आले.

बायकोने आधी कपाळावर हात मारला. पण सागवान म्हटल्यावर ती विरघळली आणि लगेच फोन करून तिने ताईला रविवारी जेवायला बोलावलं. ताईकडे सगळं कसं नवंकोरं. बहिणीला अभिमानाने दाखवावं असं बिचारीकडे लग्नापासून काही नव्हतंच (नाना धरून). फोनवर मागून साडू म्हणाले, "जुन्या सामानाच्या नादी लागू नका म्हणावं." साडूंचा जळफळाट होतोय हे ऐकून नानांना दुप्पट जोर चढला.

कपाटात नुकतेच लावलेले कपडे परत पलंगावर आले आणि नाना पॉलिश पेपर घेऊन भिडले. चॉकलेटीखाली हिरवा रंग निघाला. हिरव्याखाली निळा. बायको चहा आणून विचारायची, "आलं का सागवान?" आणि नाना शिंका आवरत म्हणायचे, "आता आलंच." निळ्याखाली गुलाबी निघाला तेव्हा तिने विचारणं बंद केलं. ते नानांना फार लागलं. इरेला पेटून त्यांनी गुलाबीवर असा काही जोर लावला की बोट दारातून आरपार गेलं. आत सागवान नव्हतं, नुसता दाबलेला भुसा होता. इतकी वर्षं कपाट रंगाच्याच जिवावर उभं होतं.

नाना तणतणत दुकानात गेले. दुकानदार जागचा हलला नाही.

"कुठपर्यंत पोचलात?"

"गुलाबीपर्यंत."

"बाप रे," तो आदराने म्हणाला. "बहुतेक लोक हिरव्यालाच थांबतात. वरून रंग मारून परत आणून देतात."

परत देण्याइतकं कपाट आता उरलं नव्हतं. नानांनी भोकात रंगाऱ्याकडची लांबी भरली, वर चॉकलेटी रंग मारला आणि सागवान असं उघडं टाकत नाहीत, असं बायकोला सांगून टाकलं. ताईसमोर तिला मान खाली घालावी लागणार, या विचाराने नानांनी रंगाचा आणखी एक हात मारला.

रविवारी साडू आले ते थेट कपाटाकडेच गेले. दार उघडून त्यांनी आत वाकून पाहिलं. बिजागरीच्या मागे, जिथे नानांचा पेपर पोचला नव्हता की कुणाचा ब्रश, तिथे हिरवा रंग तसाच होता. तो दिसताच साडूंनी घाईने दार लोटलं. ताई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"अहो, हे तर आपलंच कपाट! सागवान सागवान करत खरवडायला घेतलं होतंत, आणि मग चॉकलेटी रंग मारून दुकानात परत देऊन आलात, तेच ना हे?"

साडूंची मान खाली गेली. नानांना आनंद मावेना. साडू आणि आपण आज बरोबरीत आलो, अशा नजरेने त्यांनी बायकोकडे पाहिलं.

बायको दाराकडे बघत होती. लांबी गळून पडली होती आणि भोकातून भुशाची बारीक धार लागली होती.

"भावोजी निदान हिरव्याला तरी थांबले," ती म्हणाली, आणि केरसुणी आणायला आत गेली.