मधला स्पीकर

ऑपरेटरने किटलीचं बटण दाबलं, बोर्डातून चर्रकन आवाज आला, जळकट वास सुटला, आणि खाली थिएटरात पडद्यावरचा सर्वात मोठा गुप्तहेर मुका झाला.

हे ऑपरेटरला लगेच कळलं नाही. कळणार कसं? केबिनमध्ये आवाज ऐकण्यासाठी एक छोटा स्पीकर असतो, तो वर्षभर बंद पडला होता. दुरुस्तीचं विचारलं की मालक म्हणत, तुम्हाला चित्र दिसतंय ना, मग आवाज कशाला हवा. ज्यांच्या मालकीचं थिएटर असतं त्यांना असं बोलता येतं. ज्यांच्या हातात फक्त केबिनची किल्ली असते त्यांनी मान हलवायची असते. ऑपरेटरने सव्वीस वर्षं मान हलवली होती.

आणि ती किल्लीही आता जाण्याच्या बेतात होती. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या हातून दोन चुका झाल्या होत्या. एकदा दंतमंजनाची जाहिरात लागोपाठ तीनदा लागली, आणि एकदा नायक-नायिका जवळ येत असताना थिएटरातले सगळे दिवे लागले, तेव्हा पडद्यावरच्यांपेक्षा मागच्या रांगेतल्या जोडप्यांचीच जास्त धावपळ झाली. तेव्हापासून मालकांनी तिकीट खिडकीशी तक्रारवही टांगली होती. तिसरी तक्रार आली की किल्ली मालकांच्या भाच्याकडे. हा भाचा घरी लोळत, फोनवरून अख्खं थिएटर चालवून दाखवतो म्हणायचा. अंथरुणातून उठणं तेवढं त्याला जमत नव्हतं.

ऑपरेटरने हे बायकोला सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने घरी काय सांगायचं, की माझी नोकरी दोरीला टांगलेल्या वहीवर लटकते आहे? आणखी एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती. केबिनमध्ये विजेची कुठलीही वस्तू आणायला बंदी होती आणि ती किटली घरची होती. घरी त्याने ती दुरुस्तीला टाकली आहे असं सांगितलं होतं.

तर आज 'ससाणा - भाग चौथा' या सिनेमाचा पहिला दिवस, बारा वाजताचा पहिला खेळ. थिएटर भरलं होतं. बायको आणि मेव्हणी पाचव्या रांगेत बसल्या होत्या. बायकोने आधीचे तिन्ही भाग पाहिले होते आणि त्यावरून घरात रीतसर भांडण झालं होतं. ऑपरेटरचं मत पक्कं होतं. सिनेमा म्हणजे संवाद. जुन्या सिनेमांचे संवाद त्याला तोंडपाठ होते. विमानाला लोंबकळणाऱ्या या हेराच्या सिनेमाला जाणारी माणसं डोकं सायकल स्टँडवर ठेवून आत येतात, असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, डोकं दिवसभर वापरूनच तर दुखतं.

चहा झाला नाही म्हणून ऑपरेटरने केबिनची छोटी काच सरकवून खाली पाहिलं. पडद्यावर ससाणा समुद्रकाठी खुर्चीत पहुडला होता. मिशीवाला मोठा साहेब आला, त्याने टेबलावर एक फोटो सरकवला आणि तोंड हलवलं. लाटांचा आवाज आला. संगीत आलं. साहेबाचा आवाज मात्र आला नाही.

ऑपरेटरने वळून जळक्या बोर्डाकडे पाहिलं. सिनेमातलं बोलणं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतं, संगीत आणि गोळीबार बाजूच्या स्पीकरांतून. किटलीने मधल्या स्पीकरच्या मशीनचा फ्यूज उडवला होता. म्हणजे आता बॉम्ब फुटणार होते, गाड्या आपटणार होत्या, आणि माणसं मात्र मासळीसारखी तोंडं उघडमीट करणार होती.

जादा फ्यूज मालकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली मालकांच्या खिशात. मागायला जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने तक्रार लिहिणं. खेळ थांबवला तर चारशे तक्रारी. त्याने बॅटरीवाल्याला वर बोलावलं. हा अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायचा, म्हणून बॅटरीवाला. त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं आणि विजेच्या दुकानात पिटाळलं. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. दुकानदार जेवायला गेला होता आणि दीडला येणार होता. दीड म्हणजे मध्यंतर.

"तोवर काय करू?" ऑपरेटरने विचारलं.

"देवाचं नाव घ्या," बॅटरीवाला म्हणाला. "आणि किटलीचं नाव काढू नका."

ऑपरेटर पुन्हा काचेला चिकटला. आता पहिली शिट्टी, मग आरडाओरडा, मग पायांचा आवाज. हा क्रम त्याने अनेकदा ऐकला होता. खाली चुळबूळ सुरू झाली. "आवाज," कोणीतरी म्हणालं. पडद्यावर साहेब फोटोवर बोट ठेवून तोंड हलवतच होता, आणि ससाणा त्याच्याकडे थंड नजरेने बघत होता. ससाण्याने तोंड उघडलं, आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या रांगेतून एक जाडाभरडा आवाज आला.

"साहेब, माझी रजा मंजूर झालीय."

तो एका कचेरीतला शिपाई होता. अठरा वर्षं साहेबांच्या घंटीला उठणारा. हे वाक्य त्याच्या घशात किती दिवस अडकलं होतं कोण जाणे. थिएटर फिस्कन हसलं. पडद्यावरच्या साहेबाने पुन्हा तोंड हलवलं तेव्हा डावीकडून कोणीतरी खर्जात म्हणालं, "ससाण्याला रजा नसते." आणि त्याबरोबर टाळ्या पडल्या.

त्यानंतर कोणी आवाज मागितला नाही.

मागायची गरजच काय? तीन भाग पाहिलेली माणसं ती. कोण काय बोलणार ते त्यांना पडद्यावरच्यांपेक्षा आधी ठाऊक. नायिकेने ससाण्याच्या कानाखाली वाजवली तेव्हा रात्रपाळी करून आलेली एक नर्स म्हणाली, "दोन वर्षं कुठं उलथला होतास?" आणि बायकांच्या रांगांनी ते उचलून धरलं. भाजलेल्या गालाचा खलनायक अंधारातून पुढे आला तेव्हा तर अख्खं थिएटर एका सुरात म्हणालं, "तुला वाटलं मी मेलो?" वास्तविक तो तिसऱ्या भागात ज्वालामुखीत पडला होता. पण मग हा कोण? यावर पाच मिनिटं उघड चर्चा झाली आणि तो जुळा भाऊ आहे असं बहुमताने ठरलं.

बॉम्बच्या वायरी आल्या. लाल कापायची की निळी? एक गट लालच्या बाजूने ओरडत होता. तेवढ्यात एक बाई ठणकावून म्हणाली, "लाल मागच्या भागात कापली होती. आता निळी." ससाण्याने निळी कापली. चारशे माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. ऑपरेटरने निळी सांगणारा तो आवाज बरोबर ओळखला. तो त्याच्या बायकोचा होता. सत्तावीस वर्षांत घरात तिचा एवढा मोकळा आवाज त्याने ऐकला नव्हता, कारण घरात संवाद सगळे तोच म्हणायचा.

आता शहाणी माणसं वर्तमानपत्रांतून विचारतात की असल्या सिनेमांत लोकांना काय आवडतं. त्यांनी त्या दिवशी त्या काचेतून बघायला हवं होतं. दिवसभर या लोकांना दुसरे सांगतात आणि हे ऐकतात. साहेब सांगतो, सासू सांगते, दुकानदार सांगतो. इथे पुढे काय होणार ते यांना आधी कळतं, आणि ते तसंच होतं. असं सुख बाहेर कुठे मिळतं ते दाखवा.

मध्यंतरात बॅटरीवाला धापा टाकत फ्यूज घेऊन आला. ऑपरेटरने तो बसवला, हिरवा दिवा लागला, आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला. वाचलो, असं त्याला वाटलं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि ससाणा बोलू लागला. कर्तव्य म्हणजे काय यावर तो साडेचार मिनिटं बोलला. शिपाई मध्येच एकदा काहीतरी म्हणाला, पण ससाण्याचा आवाज सगळ्या थिएटरभर होता. शिपाई बसला. त्याला तशी सवय होती. मग खलनायक बोलला आणि कळलं की तो जुळा भाऊ नव्हताच. तो कुठल्याशा हॉस्पिटलात चेहरा बदलून घेतलेला कसल्याशा कंपनीचा हिशेबनीस होता. थिएटरात नाराजी पसरली. लोकांनी एवढा विचार करून ठरवलेला भाऊ असा फुकट गेला होता.

"ए, गप बस," कोणीतरी ससाण्याला म्हणालं.

"पहिल्यासारखं करा," मागून आवाज आला. मग पाय वाजू लागले. मध्यंतराआधी ऑपरेटर ज्या आवाजाची वाट बघत होता तो आता आला, आणि मशीन तर अगदी ठणठणीत चाललं होतं.

खेळ सुटल्यावर लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. मालक आत आले. त्यांच्या हातात तक्रारवही होती. त्यांच्या मागून दम लागलेली एक बाई आली.

"या बाईंनी तक्रार लिहिलीय," मालक म्हणाले. "म्हटलं, समोरासमोर होऊन जाऊ दे. ओळखता का यांना?"

"थोडंफार," ऑपरेटर म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग मालकांच्या चेहऱ्याकडे, आणि आपण काहीतरी भलतंच करून बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. मालकांनी वाचून दाखवलं. पूर्वार्ध अतिशय सुंदर होता, उत्तरार्धात पडद्यावरची माणसं विनाकारण बोलू लागली, त्यामुळे प्रेक्षकांचा विरस झाला, ऑपरेटरने लक्ष घालावं. खाली आणखी एकोणतीस सह्या होत्या.

"माझ्या बापाने हे थिएटर बांधलं," मालक म्हणाले. "पण पूर्वार्धासारख्या टाळ्या मी इथं ऐकल्या नव्हत्या. उत्तरार्धात तुम्ही काय बिघडवलंत?"

"मी दुरुस्त केलं," ऑपरेटर म्हणाला.

आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. लपवायला उरलं होतं काय? जळका बोर्ड समोरच होता, आणि त्याच्या शेजारी किटली. मालक किटलीकडे बघत राहिले. बायकोही बघत राहिली. तिने किटलीच्या मुठीवरची दोऱ्याची गाठ ओळखली. ती गाठ तिनेच मारलेली होती. परक्या माणसासमोर ती काही बोलली नाही, आणि ऑपरेटरला त्याचीच जास्त भीती वाटली.

"तीनच्या खेळाला तो फ्यूज काढा," मालक शेवटी म्हणाले. "लोक पूर्वार्धासारखे खुलले तर किल्ली तुमच्याकडे. नाहीतर भाचा उठलाय आता." मग जरा थांबून म्हणाले, "बाई, तुम्हीही बसा. बरोबर कोणी असेल तर त्यांनीही. पाहुण्या म्हणून."

तीन वाजता ऑपरेटरने स्वतःच्या हाताने फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. समुद्र आला, खुर्ची आली, मिशीवाला साहेब आला. फोटो सरकला. साहेबाने तोंड हलवलं.

शांतता. हे लोक नवे होते. यांच्यात शिपाई नव्हता. मालक दाराशी हाताची घडी घालून उभे होते. कोणीतरी खुर्चीत चुळबुळलं. "आवाज," असं कोणीतरी पुटपुटलंही. ससाण्याने साहेबाकडे थंड नजरेने पाहिलं आणि तोंड उघडलं.

ऑपरेटरने काच पूर्ण सरकवली, डोकं बाहेर काढलं, आणि सव्वीस वर्षांत जे मालकांना एकदाही म्हटलं नव्हतं ते भरल्या थिएटरात म्हटलं.

"साहेब, माझी रजा मंजूर झालीय."

चारशे माना वर वळल्या. पडद्यावरच्या साहेबाचे ओठ हलले. आणि अंधारात, पाचव्या रांगेतून, त्याला कुठेही ओळखू येईल असा एक आवाज शांतपणे म्हणाला,

"रजा रद्द. घरून नेलेली वस्तू आधी जागेवर ठेव."

थिएटर कोसळलं. शिट्ट्या, टाळ्या, आणि त्यानंतर कोणी थांबलं नाही. दाराशी मालक पोट धरून हसत होते. एवढं चांगलं वाक्य मूळ सिनेमात नव्हतं, असं ते पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत.

पावणेसहाला खेळ सुटला. ऑपरेटरने केबिनला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, किटली पिशवीत घातली आणि बायकोच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून घरी निघाला. त्याला जुन्या सिनेमांतले पुष्कळ संवाद आठवत होते. पण आता बोलायची पाळी कोणाची आहे हे त्याला, तीन भाग न पाहताही, कळलं होतं.