गोविंदरावांचं दोन इंची दार

आमचे शेजारी गोविंदराव माणसाला आधी मापतात, मग नमस्कार करतात. आमच्या रांझीच्या फॅक्टरीत लाकूडकाम करून रिटायर झाले, पण सूत सुटलं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. माझा जावई पहिल्यांदा आला तेव्हा भर अंगणात म्हणाले, "वहिनी, पोरगा चांगला आहे. डावा खांदा फक्त दोन सूत खाली आहे." जावई अजूनही फोटोत तिरपा उभा राहतो.

बायको गेली, मुलगा पुण्यात. घरात हे एकटे. पुढचं दार स्वतः केलेलं, दोन इंच जाड सागवान. दोन मिनिटं आत गेले तरी आतून दोन्ही कड्या लावायचे. "हत्ती आला तरी परत जाईल," म्हणायचे. रांझीत हत्ती काहून येईल, हे मी कधी विचारलं नाही.

अंगणातल्या नळाला पाणी दुपारी येतं, पण त्यांची बादली सकाळपासूनच नळाखाली असते. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती भरून वाहत होती. थेंबासाठी भांडणारा माणूस! मी हाका मारल्या. आतून आवाज नाही. जावयाला बोलावलं, त्यानं फटीत लोखंडी सब्बल घातली. दार कडीपासून खालपर्यंत उभं चिरलं, तेव्हा कुठे उघडलं. गोविंदराव मोरीत पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं. खाटेवरून बाहेर नेताना ओरडले, "अरे, किस गधे ने तोडा?" जावयानं माझ्याकडे बोट दाखवलं.

दवाखान्यातून आले ते काठी टेकत थेट त्या चिरेपाशी. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, आता लोखंडी दार लावा. यांनी फोन मला दिला. "सांगा त्याला. माझं हाड जुळलं, दार काहून नाही जुळणार?"

जावयाकडून दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं. चिरेतली धूळ माझ्या केसांच्या पिनेनं काढली. सागवानाची पातळ पट्टी घासून चिरेत बसवली, अर्धं सूत जास्त म्हणून चारदा काढली. शेवटी गोंद भरला, दाराभोवती दोरी बांधली आणि ती पिळून आवळायला माझं लाटणं नेलं. दोन दिवस लाटणं दोरीत आणि मी भातावर.

"बसा की हो भाऊजी, घटकाभर."

"गोंद सुकून राहिला, वहिनी. बसू कसा?"

काठी ठोकत दाराभोवती फेऱ्या. बघणाऱ्यालाच चक्कर यावी.

तिसऱ्या दिवशी दार बसवलं. बोट फिरवलं तरी चीर सापडेना. पण आतून कड्या नव्हत्या. खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवलेली.

"कड्या विसरलात."

"नाही विसरलो."

"चोर शिरेल."

ते रंधा पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तुम्ही तीनदा इथून गेलात, वहिनी. चपलेच्या आवाजावरून ओळखलं मी. हाकाही मारल्या. दार जाड होतं."

मी बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं.

"पुढच्या वेळी तोडायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं ढकलायचं."

मी तेव्हाच बाहेर जाऊन ढकलून पाहिलं. उघडतं.