कडेच्या ओळीतली गाणी

दौलतकाका इंटरनेटवर एक चांगलं गाणं चढवतात, तेव्हा सोबत एक वाईट गाणंही चढवतात. चुकून नव्हे, मुद्दाम. चांगलं गाणं ते आठवडाभर घोटतात. वाईट मात्र माझ्या दुकानात, माझ्याच मोबाइलवर, गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना एका दमात बेसूर गाऊन मोकळे होतात.

पिंपळगाव राजात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, जातीचा दाखला आणि दौलतकाका अशी तिथली कामं. पहिल्या तिन्ही कामांना निदान मुदत असते.

"काका, हे वाईट गाणं कशाले?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"बीटी कपाशीच्या पाकिटात नॉन-बीटी बियाची लहान पुडी राहे का नाही? ते वावराच्या कडेनं लावा लागे. अळीनं ते खावं अन् मधली कपाशी सोडावी. तसं हे कडेचं गाणं. ज्याले नावं ठेवायची त्यानं याले ठेवावी, चांगल्याले तोंड लावू नये."

या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून मी फक्त बटणं दाबतो.

काकांना हे पुडीचं ज्ञान कुठून आलं, तेही सांगतो. बीटी नवीन होती त्या वर्षांत ते आणि युसूफभाई एका बियाण्याच्या कंपनीच्या जीपमधून प्रचाराला गावोगाव फिरायचे. काका गायचे, युसूफभाई पेटी वाजवायचे. कडेनं नॉन-बीटी लावा, असं एक कडवंच त्यांच्या गाण्यात होतं. लोक कडव्याला माना डोलवायचे आणि पुडी वावराच्या धुऱ्यावर फेकून द्यायचे. पुढे एका वर्षी गुलाबी बोंडअळीनं वावरंच्या वावरं किडली, तेव्हा पारावर लोकांनी गाणाऱ्यांनाच धरलं. आपण गायलोच नसतो तर बरं झालं असतं, असं युसूफभाई म्हणाले. आपण नुसते गायलो, पेरलं त्यांनी, असं काका म्हणाले. त्यावरून दोघांचं जे फाटलं ते फाटलंच. युसूफभाईंनी लोणारला बांगड्यांचं दुकान टाकलं. काका एकटेच गाणी रचायला लागले आणि माझ्या नशिबी आले.

गेल्या महिन्यात त्या गाण्यांच्या साइटनं कळवलं की फुकटच्या खात्यात यापुढे ठरावीकच गाणी राहतील. महिनाभरात जास्तीची तुम्ही काढा, नाहीतर फी भरा, नाहीतर आम्ही आमच्या हातानं काढू. मी काकांना हे वाचून दाखवलं.

"इचार करून राह्यलो," काका म्हणाले.

तो विचार महिनाभर चालला. साइटचा मालक कोणत्या गावचा आहे, ते त्यांनी मला तीनदा विचारलं. बैल घेताना दात पाहावे लागतात, तसं नव्या साइटचं वय पाहायला सांगितलं. जळगाव जामोदचा एक गाणारा आपली गाणी उचलून दुसऱ्या साइटवर गेला होता, त्याला माझ्या फोनवरून अर्धा तास पिळून काढलं. तो बिचारा म्हणाला, इकडे या, मस्त आहे. काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "इचार करून राह्यलो."

मी दोन सोपे रस्ते सांगितले. वाईट गाणी काढली की अर्धं खातं मोकळं होतं, एक पैसा लागत नाही. नाहीतर सगळीच नव्या साइटवर नेऊ, खातंही मी उघडून ठेवलं आहे.

"नेऊ ना बे. घाई काऊन करून राह्यला?"

शेवटचा दिवस नेमका पीकविम्याच्याही मुदतीचा निघाला. सर्व्हर बंद, रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि काका माझ्या टेबलावर कोपर टेकून बसलेले.

"झाला इचार," ते म्हणाले. "चांगली काढ. वाईट राहू दे."

माझं डोकंच फिरलं. "काका, साऱ्या जगात तुमचं कडेचं गाणं ऐकते कोण?"

"खाली वाच," ते हळूच म्हणाले.

वाईट गाण्यांच्या खाली कोणी काही लिहिलं असेल, असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. काका अधूनमधून माझा मोबाइल मागून काय पाहायचे, ते आत्ता कळलं. मी पहिलं उघडलं. 'काळी चारचा सूर सोडून कुठं गेला?' दुसऱ्याखाली, 'अंतरा घाईत. ताल गेला.' तिसऱ्याखाली, 'पेटीशिवाय काऊन गातो? नको गाऊ.' ना नमस्कार, ना नाव. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी लोणारच्या एका बांगड्यांच्या दुकानाचं नाव होतं. प्रत्येक वाईट गाण्याखाली त्याची एक ओळ होती. चांगल्या गाण्यांखाली एकही नव्हती.

"चांगल्याले तो काहीच लिहत नाही," काका म्हणाले. "बेसूर मात्र त्याच्यानं सहन होत नाही. पयलेपासूनच तसा हाय तो. हे त्यानं लिहेलं सारं नव्या साइटवर येते काय?"

"नाही येत, काका."

"अन् तो?"

"त्यायले फोन करून सांगा लागेल, कुठं गेलो ते."

काकांनी टेबलावरचं कोपर काढून घेतलं. रांगेतून कोणीतरी माझ्या नावानं ओरडलं.

"फोनवर काय बोलू मी त्याच्याशी?" ते म्हणाले.

महिनाभर या माणसावर चिडत होतो त्याची मला लाज वाटली. मी चांगली गाणी एकेक करून काढायला लागलो. नव्या साइटवर टाकतो म्हणालो, तर म्हणाले, टाक नाहीतर नको टाकू. खातं मोकळं झालं तसे ते पुढे वाकले.

"चार दिवस झाले, त्यानं काही लिहिलं नाही. एक गाऊ काय?"

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि रांगेला म्हणालो, दोन मिनिटं कोणी बोलू नका.