पूर्ण नाव घे!

उन्हाळ्यात आंब्याच्या गाड्यावर भांडणारी माणसं आमच्या जालन्यात भरपूर आहेत. आंबा कार्बाइडनं पिकवला, म्हणून सगळे भांडतात. आमचे शेजारी दिगंबर सर भांडतात ते आंबेवाला नुसतं ‘कार्बाइड’ म्हणतो म्हणून.

“कोणतं कार्बाइड? पूर्ण नाव घे! कॅल्शियम कार्बाइड म्हण! एका पुडीपायी अख्खं खानदान बदनाम करून राह्यला तू!”

खानदान म्हणजे टंगस्टन, टायटॅनियम असल्या धातूंची कार्बाइडं. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. तरुणपणी त्यांनी ही कार्बाइडं प्रचंड दाबाखाली कशी तयार होतात, यावर संशोधन केलं होतं. गावात पसरलं ते असं, की सर आंबे पिकवण्यात डॉक्टर झाले. एका लग्नात कुणीतरी त्यांच्यापुढे कैऱ्या धरल्या, “सर, किती दिवस लागतील?” सर भरल्या पंगतीतून उठले. मी त्यांच्या स्कूटरवर गेलो होतो, म्हणून मलाही उठावं लागलं. जिलेबी यायची होती. तो राग माझ्या डोक्यात अजून आहे.

मी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. लेथवर पोलाद कापणारं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, एवढं मला ठाऊक. तेवढ्यावर सरांनी मला कायमचा श्रोता करून टाकलं.

“घनसावंगीची जीप पाहिली ना? माणसं खेटून बसली. मधल्या फटींत ड्रायव्हरनं गाठोडी कोंबली. मंग कुणी हलू शकतं का? न्हाई! माणसं म्हणजे धातूचे अणू, गाठोडी म्हणजे कार्बन. किती बी दाबा, सहजी दबत न्हाई! अन् रेनियमसारखा धातू तर आखडू. साध्या भट्टीत कार्बनला जवळ करत न्हाई. भयंकर दाब अन् उष्णता दिली, की बराबर जागा देतो!”

सरांच्या बायकोचा, वहिनींचा, तर मला जास्तच राग यायचा. भाजी निवडताना त्या रोज विचारायच्या, “तुमचं ते आंब्याचं कार्बाइड, त्याचं पुढं काय झालं हो?” झालं! सर भडकायचे. जीप, गाठोडी, रेनियम, सगळं पहिल्यापासून. आमच्या घरात टीव्ही ऐकू यायचा नाही. शेवटी मी वहिनींना चिडून विचारलं, “अहो, एवढ्या वर्षांत तुम्हाला कळलं कसं नाही?”

त्या हसल्या. “मला समदं पाठ हाय रे. पण हे चिडले तरच बोलतात. न्हाई तर घरात मुके.”

दिवाळीनंतर वहिनी गेल्या. तेव्हापासून आमचा टीव्ही स्वच्छ ऐकू येतो आणि मला तो बघवत नाही.

परवा सरांना बळेच आंबे घ्यायला नेलं. आंबेवाल्या शेषरावानं, बहुतेक सरांच्याच धाकानं, गाड्यावर पाटी लावली होती: ‘अढीत पिकवलेला आंबा’. त्या पाटीचा मला असा संताप आला! सरांना भांडायला एवढी एकच जागा उरली होती.

सर पाटीकडे बघत राहिले. मग एक आंबा उचलून, मान खाली घालून हळूच म्हणाले, “शेषराव, हा... कार्बाइडचा का रे?”

नुसतं कार्बाइड. आणि तेही सरांच्या तोंडून.

“न्हाई हो सर, आईशप्पथ न्हाई,” शेषराव गडबडला. मी त्याला हातानं थांबवलं आणि जमेल तेवढ्या रागानं सरांवर ओरडलो, “कोणतं कार्बाइड? पूर्ण नाव घ्या!”

सरांनी मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज चढला.

“तुला किती वेळा सांगू? घनसावंगीची जीप पाहिली ना?”