सात नंबरच्या लेंड्या

"कोकरू म्हणजे आकडा! आकड्याचे लाड करायचे नाहीत," असं ताईंनी पहिल्याच दिवशी मेंढवाडा सांभाळणाऱ्या मामांना बजावलं. ताई संशोधक. पोटात जंत असले की कोकराच्या अंगी प्रथिनं किती लागतात आणि किती वाया जातात, हे त्यांना शोधायचं होतं. बारा कोकरं, सहा ठणठणीत, सहांना मुद्दाम जंत दिलेले. प्रत्येकाला मोजून चारा आणि प्रत्येकाच्या शेपटीखाली लेंड्या साठवायची पिशवी! तीन वर्षांची मेहनत त्या पिशव्यांवर लटकलेली.

जंतवाल्यांत सात नंबर सगळ्यात मरतुकडं. दोन पावलं चाललं की बसायचं. आणि आज वजन केलं, तर पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे!

"वा! शोधच लागला की!" मामा म्हणाले.

"कसला शोध, मामा! याने खाल्लं चारशे ग्रॅम. पिशवीत निघालं साडेचारशे! तेही वाळवून! लेंड्या काय आभाळातून पडल्या?"

मामांनी टोपी काढली. "ताई, माझंच चुकलं. दुपारी मूठभर पेंड देत होतो. कसं बघायचं हो ते माझ्याकडे!"

ताई रागावणार होत्या, पण कबुलीच देऊन बसल्या. "सकाळी मीही देत होते, मामा."

दोघं खाली बसली. आकड्यांत ढवळाढवळ केली की ताईंचे वरिष्ठ, सर, माणसाला सरळ घरी पाठवायचे. ताईंना रडू फुटलं. तीन वर्षं पाण्यात गेली होती. तरी सात नंबर वाचलं, याचा आनंदच जास्त होता, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

तेवढ्यात सर आलेच. ताई धीर करून उठल्या. "सर, प्रयोग फसला. मीच याला..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. सात नंबर पिशवी हिंदकळवत धावलं आणि त्याने सरांच्या कोटाच्या खिशात अख्खं तोंड खुपसलं! पेंडीचा भुगा जमिनीवर सांडला.

सर कानापर्यंत लाल झाले. "हं. याला प्रयोगातून काढा. आजच जंताचं औषध द्या. जंतवाली अजून पाच आहेत ना? तेवढ्यांवर काम भागेल."

ताईंच्या जिवात जीव आला. मामा मात्र खाकरले.

"सर, त्या पाचांनाही... मूठ मूठ. एकट्यालाच कसं देणार हो? बाकीची बघत होती!"