एक्स्पोर्टवाले सोपानतात्या

आमच्या गल्लीत सोपानतात्यांना कोणी ‘रामराम’ घातला, की तात्या उलट रामराम म्हणत नाहीत. आकडा सांगतात. ‘अकरा!’ आभाळ आलेलं असेल तर ‘चार’, पण ते इतक्या पडेल आवाजात, की घरात कोणी आजारी असावं असं वाटतं. घाटनांदुरात नवीन आलेली माणसं गोंधळून जातात. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यानं तर अकरा वाजले असं समजून घड्याळ पुढं केलं आणि एसटी स्टँडवर तासभर आधीच जाऊन बसला.

हा आकडा म्हणजे आदल्या दिवशी तात्यांच्या गच्चीवरून लाइनीत गेलेले युनिट. तात्यांनी घरावर सोलर बसवलं, तेव्हा भिंतीवर नवं मीटर आलं. ते येणारी वीज वेगळी मोजतं आणि जाणारी वेगळी. दिवसा घरात लागून उरलेली वीज बाहेर जाते, रात्री लागेल तेवढी परत घ्यायची, आणि बिलात एकातून दुसरी वजा. आम्हा बाकीच्यांच्या लेखी ही बिल कमी करायची सोय. तात्यांच्या लेखी हा थेट परदेशी व्यापार आहे. आलेली वीज ‘इंपोर्ट’ आणि गेलेली ‘एक्स्पोर्ट’. सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ते मीटरपुढं उभे राहतात आणि इंपोर्टचा आकडा तोंड वाकडं करून वाचतात.

तात्या रिटायर लाइनमन. घाटनांदुरातल्या निम्म्या तारा त्यांनी ओढलेल्या. ‘सारी उमर दुसऱ्याची लाइट जोडली, गुरुजी. आता सोताची धाडतो,’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. मी शाळेत मास्तर असल्यामुळं तेच तेच ऐकायची मला सवय आहे.

आपली वीज कुठं जाते हेही त्यांना पाठ. गल्लीतून जाता जाता आमच्या खिडकीशी थांबून ते माझ्या बायकोला सांगणार, ‘वहिनी, तुमचं मिक्सर आमच्यावर चालू हाय बरं का!’

‘मग चटणी न्यायला या,’ ती म्हणाली. तात्या वाटी घेऊन आले.

लाइट गेली की तात्यांचं सोलरही बंद पडतं. मग पोरांना चेव येतो. ‘तात्या, गच्चीवर एवढं ऊन साठवलं अन् अंधारात काहून बसलात?’

‘आरं बे, लाइट गेली म्हंजे खांबावर कुनीतरी चढलेला आसतो. माझी वीज तिकडं गेली तर मरंल की तो! म्हनून मशीन आपलं आपन बंद व्हतंय. खांबावर मी चढलेलो हाय, तुमी न्हाई.’ हे ऐकून पोरं पांगतात. तात्यांची मान त्या अंधारातही ताठ दिसते.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण उन्हाळा लागला आणि तात्यांनी नवाच नेम धरला. अकरा ते तीन फ्रीज सोडून घरातलं सगळं बंद. पंखा बंद, टीव्ही बंद, मोबाइलचा चार्जरसुद्धा उपटून ठेवलेला. आमच्याकडं चैत्रात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि हा माणूस डोक्यावर ओलं फडकं टाकून पुठ्ठ्यानं वारा घेत ओट्यावर बसलेला. विचारलं तर म्हणायचे, ‘सोताच समदी पिऊन टाकल्यावर एक्स्पोर्ट काय व्हनार?’

एके दुपारी ते भोवळ येऊन ओट्यावरच कलंडले. मीच तोंडावर पाणी मारलं, आणि न राहवून पुण्याला त्यांच्या मुलाला फोन केला. तात्यांची बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात दुसरं कोणी नाही. विलास दुसऱ्याच दिवशी एसीचं खोकं घेऊन हजर.

‘तात्या, वर्षाच्या शेवटी तुमचे उरलेले युनिट मातीमोल भावानं जातात आणि मोजणी परत शून्यावर येते. नियमच तसा आहे. त्यापेक्षा गारव्यात झोपा की.’

‘खोकं परत ने.’

‘का पण?’

तात्यांनी खोकं पायानं दाराकडं सरकवलं. विलास चिडला. म्हणाला, ‘मग पुण्याला चला. इथं तुम्हाला असं मरायला ठेवणार नाही मी.’ तात्यांचा चेहरा एकदम उतरला. घाटनांदूर सोडायचं म्हणजे त्यांच्यासाठी खांबावरून खाली पडण्यासारखंच. विलास माझ्याकडं येऊन म्हणाला, ‘गुरुजी, तुमचं ऐकतील. तुम्ही सांगून बघा.’

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गेलो. तात्या घामानं निथळत बसलेले. मी समजावू लागलो, ‘तात्या, नियम बघितला तर यात तुम्हाला काही सुटत नाही.’

‘इकायला कुनी बसवलंय, गुरुजी?’

‘मग कशाला हा जिवाशी खेळ?’

तात्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि बोट वर केलं. ‘आयका.’

मी कान दिले. दोन गल्ल्यांपलीकडून एकसारखी घुर्रर्र ऐकू येत होती. शेवयाची मशीन. रंजनाची.

रंजना तात्यांची धाकटी. सहा वर्षांमागं तिनं स्वतःच्या पसंतीनं, दुसऱ्या जातीतल्या टेम्पोवाल्याशी लग्न केलं. तेव्हा तात्या अख्ख्या गल्लीदेखत गरजले होते, ‘त्या घराचा उंबरा शिवनार न्हाई मी!’ राग कधीच निवला, पण चार माणसांत बोललेला शब्द गिळायचा कसा, हे तात्यांना काही जमलं नाही. आई गेली तेव्हा रंजना आली, दारातूनच रडून गेली. तेव्हाही दोघं बोलले नाहीत.

‘तिचं घर ह्याच डीपीवर हाय, म्हंजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, श्येवटचा खांब,’ तात्या सांगू लागले. ‘तार मीच वडलेली. मधी सा घरं, दुपारची समदी कुलपात, मानसं रानात. वीज जवळचा रस्ता धरती, गुरुजी, लांब काहून जाईल? माझं घर बंद ठिवलं की माझी समदी वीज सरळ तिच्या मशीनीत.’ मग पुठ्ठा उचलून म्हणाले, ‘माहेरचं कायबी न्हेलं न्हाई पोरीनं. साडी न्हाई का भांडं न्हाई. मी उंबरा शिवनार न्हाई म्हनलो व्हतो. लाइटीला कुठं उंबरा आसतो?’

मला त्यांचा राग आला, की लेक दोन गल्ल्यांवर आणि हा माणूस तिच्याकडं तारेतून जातोय. आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. असला शेजारी मला लाभला याचा.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.  दुसऱ्या दिवशी ती भिजवलेल्या रव्याचं पातेलं घेऊन सकाळी नऊलाच रंजनाकडं गेली, आणि तसंच भरलेलं पातेलं घेऊन परत आली.

‘मशीन बिघडली काय?’

‘नाही. रंजना म्हणाली, “काकू, आकराच्या पुढं या. आमच्या तात्यांचं ऊन वर यिऊ द्या. त्यांचं सोलर बसल्यापून मी दुसऱ्या येळंला मशीन लावतच न्हाई.”’

बायकोनं पदरानं डोळे पुसले. ‘तात्यांच्या भोवळीचं मी तिला सांगितलं. तर म्हणाली, “त्यांना म्हनावं पंखा लावा. एका पंख्यानं मला काय कमी पडत न्हाई. लाइनमनची लेक हाय मी, मला कळतंय.”’

मी तसाच उठलो आणि तात्यांना शब्दन् शब्द जाऊन सांगितला.  तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि माझ्याकडं पाठ करून मीटरपुढं जाऊन उभे राहिले. बराच वेळ वाचत होते. एवढं वाचायला त्या मीटरवर काही नसतं.

त्या दुपारी तात्यांचा पंखा सुरू झाला. एकवर, पण सुरू. ते बघून विलासनं पुण्याचा विषय सोडला आणि संध्याकाळच्या गाडीनं एसीचं खोकं घेऊन एकटाच गेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला दार वाजलं. दारात तात्या, एका हातात दह्याचं भांडं, दुसऱ्या हातात दुधाचं.

‘वहिनी, हे तुमच्या फ्रीजात ठिवा. आमचा फ्रीज बंद केलाय. पंख्याची भरपाई करावी लागंल का न्हाई?’