विषयाला धरून

एका जंगलात, बाळांनो, फार हुशार तरुण राहत होते. इतके हुशार, की भूक लागली तरी आधी तिच्यावर चर्चा करायचे.

त्यांचं एक मंडळ होतं. रोज संध्याकाळी ते जुन्या उंबराखाली भरायचं. मंडळाची चिटणीस झुमकी खार. तिचं घर त्याच उंबराच्या ढोलीत. तिच्या आईने अंथरलेला कापूस अजून तिथे होता, आणि त्याच्या उबेशिवाय झुमकीला झोप यायची नाही. पण सभेत बाई मोठी कडक! 'चर्चेत वैयक्तिक रडगाणं नको' हा नियम तिचाच.

त्या दिवशी विषय तीन होते. 'कोल्हे आणि मंडळी' यांचा नवा उद्योग, बातमीदारांचं स्वातंत्र्य आणि अंतराळ. फराळ नव्हता, म्हणून विषय जास्त घेतले होते.

कोल्ह्याने चंद्रापर्यंत शिडी बांधायला काढली होती.

"जंगलाचं नाव होईल!" साळिंदर म्हणालं.

"होईल हो, पण पायऱ्या किती रुंद ठेवणार?" मुंगसाने विचारलं.

चर्चा अशी रंगात आली असताना सुतारपक्षी धापा टाकत आला. खोडावर टकटक करून जंगलाला बातम्या देणारा तो एकटाच.

"झुमके, शिडीला लाकूड लागतं! तुझ्या उंबरावर आज खूण केलीय. हत्ती निघालेत!"

झुमकीने चटकन वर ढोलीकडे पाहिलं. पण नियम तिचाच, करते काय?

"हे वैयक्तिक झालं," ती म्हणाली.

"अगं बाई, बातमी आहे ही!"

"बातम्यांचा विषय दुसरा. अजून पहिला संपायचाय. बसा."

बिचारा बसला. दुसरा विषय निघाला. साळिंदराने बातमीदारांच्या स्वातंत्र्यावर असं काही भाषण ठोकलं, की मुंगसाचे डोळे पाणावले. सुतारपक्ष्याला मात्र राहवेना. तो जिवाच्या आकांताने खोडावर टकटक करू लागला.

"अहो, गप्प बसा की!" सगळे ओरडले. "तुमच्याच स्वातंत्र्यावर बोलतोय ना आम्ही? काही ऐकू येईना!"

मुंगसाने वेल आणून त्याची चोच बांधली. चर्चा संपेपर्यंतच हो, कायमची नाही.

तिसऱ्या विषयाला हत्ती आले. "जरा सरका," म्हणाले. मंडळ सरकून बसलं. उंबर कडाडत आडवा झाला.

"माझं घर!" झुमकी किंचाळली. "अरे, माझ्या आईची ढोली रे!"

साळिंदराने तिच्याकडे दयेने पाहिलं.

"झुमकीताई, वैयक्तिक नको. विषय अंतराळाचा चाललाय. आणि आज आभाराची पाळी तुमची आहे."

झुमकीने डोळे पुसले. उभी राहिली. चिटणीसच ती.

"मी कोल्हे आणि मंडळींचे आभार मानते," ती म्हणाली. "त्यांच्यामुळे आज... इथून आकाश मोकळं दिसतंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चोच सोडा म्हणून सुतारपक्षी पंख फडफडवत होता. तीही टाळीच धरली गेली.

तात्पर्य: आपण राहतो त्या झाडाविषयी कधी बोलू नये, बाळांनो. बोलायचंच तर चंद्राविषयी बोलावं. तिथे आपलं घर नसतं, म्हणून चर्चेचा दर्जा टिकतो.